आमची वाटचाल: चिमूरचं कॅमेऱ्याचं दुकान

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरच्या घोडायात्रेत पडदा टांगून जोडप्यांचे फोटो काढणारा स्टुडिओ, एवढीच आमची सुरुवात. पुढे रोल धुणं संपलं, लग्नाच्या ऑर्डरी पोरांनी निम्म्या भावात उचलल्या. नागपूरकडून ताडोबाच्या जंगलाच्या कोलारा गेटला जाणारी बरीच गर्दी चिमूरवरूनच जाते, म्हणून दुकान कॅमेरा-लेन्सच्या दुरुस्ती आणि भाड्याकडे वळलं. मधली वर्षं बरी गेली, त्यांचं काही सांगण्यासारखं नाही.

दुरुस्तीच्या टेबलावर पहिला खर्च झाला तो पेचकसांवर. जपानी कॅमेऱ्याच्या स्क्रूला बाजारातला साधा फुलीचा (फिलिप्स) पेचकस लावला की स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग तो ड्रिल करूनच काढावा लागतो. तिथे जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचाच पेचकस हवा. लेन्सच्या पुढची रिंग फिरवायला रबरी कप, आतल्या खाचांसाठी दोन टोकांचा स्पॅनर, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. फ्लॅश असलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) उघडली की सगळ्यात आधी फ्लॅशची वीज साठवणारा कपॅसिटर, त्याला रेझिस्टर लावून, रिकामा करायचा. बॅटरी काढली तरी त्यात तीनशेच्या आसपास व्होल्ट थांबून राहतात. हे हत्यार अजून तेच आहे आणि आमच्या टेबलावरून स्क्रू खाल्लेली बॉडी परत गेली नाही, याचा आम्हाला अभिमान आहे.

मार्च 2020 ला सगळं बंद झालं. गेट बंद, लग्नं बंद, कर्जावर घेतलेल्या लेन्सचे हप्ते मात्र चालू. दोन बॉड्या विकून ते भरले. त्याहून मोठा घोर पावसाळ्याचा होता. वापरात असलेल्या लेन्सला हवा लागते. बंद कपाटात आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांवर गेली की काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आतल्या काचेवर दिसतात. वेळीच पुसली तर निघते, उशीर झाला तर तिच्यातलं आम्ल कोटिंग खातं आणि ते कोटिंग परत येत नाही. वीज तासन् तास जायची, त्यामुळे ड्राय कॅबिनेटचा (विजेवर हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटाचा) भरवसा नव्हता. घट्ट झाकणाचे धान्याचे प्लास्टिक डबे घेतले. प्रत्येकात दोन लेन्स, पाव किलो सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 च्या मध्ये ठेवायचा. तीसच्या खाली गेला तर आतलं ग्रीस आणि रबर सुकतं, म्हणून जेल जास्त भरणंही चूकच. नारिंगी जेल हिरवं झालं की लोखंडी तव्यावर मंद आचेवर हलवत पुन्हा नारिंगी होईपर्यंत तापवायचं, थंड करून मगच डब्यात. लेन्सला कोवळं ऊन दाखवताना खाली कागद किंवा कापूस नको, भिंगातून आग लागते. त्या पावसाळ्यात आमच्या एकाही लेन्सला बुरशी धरली नाही.

त्या काळात दुकान उभं राहिलं ते एका निवृत्त गुरुजींमुळे. पुढच्या मोसमाचं भाडं त्यांनी आगाऊ आणून दिलं. वाघाच्या मागे ते कधी लागले नाहीत. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरची एक बॉडी, 18-140 मिलिमीटरची झूम लेन्स, एक 35 ची एफ 1.8 लेन्स (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), दोन बॅटऱ्या, एवढं सामान एका जुन्या शबनममध्ये जाड चिंध्यांचे कप्पे शिवून घेऊन ते एसटीने फिरतात. मार्कंड्याच्या देवळांना सकाळीच पोहोचायचं, कारण तिरप्या उन्हातच दगडातल्या मूर्तींना उठाव येतो. डोक्यावर ऊन आलं की कोरीवकाम सपाट दिसतं. लोणारचं विवर जवळपास 1.8 किलोमीटर रुंद आहे, काठावरून ते 18 मध्ये मावत नाही. गुरुजी कॅमेरा उभा धरतात, एक्सपोजर (उजेडाचं माप) आणि फोकस दोन्ही मॅन्युअल करून डावीकडून उजवीकडे सहा-सात फ्रेम घेतात, प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर एक तृतीयांश चढवून. ऑटोवर घेतलेल्या फ्रेम जोडल्या की आकाशात पट्टे पडतात. प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाने या सामानापासूनच सुरुवात करावी, असं आमचं ठाम मत आहे.

गेट उघडलं तसं शहरातलं भांडवल घेऊन एक नवं दुकान आलं. रिसॉर्टवर पोचवून देणार, जिप्सीवाल्यांना कमिशन, आणि प्रत्येकाच्या हातात 150-600 ची मोठी झूम लेन्स. आमच्याकडे ड्रायव्हर येऊन सांगू लागले, ‘भाऊ, सायबाले सहाशेचीच लेन्स पायजे.’ आम्ही क्रॉप बॉडीवर 100-400 द्यायचो. क्रॉप बॉडीवर 400 ला जवळपास 600 चाच कोन मिळतो. रस्त्यावर अगदी जवळ वाघ आडवा आला तर 150 वरही तो फ्रेममध्ये पूर्ण मावत नाही. शिवाय 600 ला एफ 6.3 म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 6400 च्या पुढे जातो, फोटो दाणेदार होतो, आणि दोन किलोची लेन्स हातात धरून शेवटी हात हलतोच. मे महिन्यात दहानंतर जमिनीवरून गरम हवा उठते, तेव्हा लांबचं सगळं लिबलिबीत येतं. त्याला लेन्स बदलणं हा उपाय नाही, जवळ जाणं किंवा संध्याकाळची वाट पाहणं हाच आहे. हे समजावत बसलो आणि गिऱ्हाईक तिकडे जात राहिलं.

ते सोसलं असतं. पण त्यांच्याकडून घेतलेली एक लेन्स एक पर्यटक आमच्याकडे घेऊन आले, फोटो एका बाजूला फुटतात म्हणून. ट्रायपॉडवर लावून विटांच्या भिंतीसमोर सरळ धरली, अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून फोटो घेतला. तीन कोपरे धारदार, उजवा खालचा कोपरा धूसर. पडल्यामुळे आतलं एक भिंग मध्यातून सरकलं होतं. आम्ही लेन्स उघडलीही नाही, तसंच लिहून परत दिली. दुसऱ्या आठवड्यात गेटवर चर्चा सुरू, की चिमूरवाल्यांनी लेन्स उघडून बिघडवली. मोसमातली निम्मी बुकिंग गेली. आमच्याकडे सिरीयल नंबरसकट भिंतीचे फोटो होते, माऊंटचे (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याचे) स्क्रू जसेच्या तसे असल्याचेही फोटो होते. ते दाखवल्यावर ड्रायव्हर मंडळी गप्प झाली, पण त्या दुकानातून ‘चुकलं’ हा शब्द आजवर आला नाही. ते दुकान आता नाही, तरी हे लिहून ठेवणं आम्हाला गरजेचं वाटतं. दुसऱ्याची लेन्स हातात घेणाऱ्या प्रत्येक कारागिराने आधी फोटो काढावा, मग पेचकस उचलावा.

आता आमच्याकडून लेन्स घेताना सोबत लेन्स टेकवायला बीन बॅग मिळते, तांदूळ भरलेली, पाऊण भरलेली. गच्च भरली तर लेन्स तिच्यात बसत नाही, आणि धानाचा कोंडा हलका पडतो, दाबाने सपाट होतो. जिप्सी थांबली की ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर बॅग असूनही थरथर येते. उभ्या वाघाला शटर 1/500 सेकंद, चालत्याला 1/1000, उडत्या पक्ष्याला 1/2000. मागे गर्द बांबू असेल तर एक्सपोजर उणे 0.7 करा, नाहीतर अंगावरचा पिवळा रंग फिका पडतो. गाडीत लेन्स बदलू नका, फुफाटा थेट सेन्सरवर बसतो. उन्हाळ्यात एसी खोलीतून निघताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. सफारीत मोबाईल वापरू देत नाहीत, तेव्हा मोबाईलवर फोटो काढू या भरवशावर राहू नका.

कोअरची (आतल्या मुख्य जंगलाची) गेटं मंगळवारी बंद असतात, त्या दिवशी आम्ही सेन्सर साफ करतो. आधी एफ 16 वर मोकळ्या आकाशाचा फोटो घेऊन या, ठिपके दिसले तरच स्वॅब (सेन्सर पुसायची पट्टी) लावू. क्रॉप सेन्सरला 16 मिलिमीटरचा, फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) 24 चा. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर बॅटरी पूर्ण भरून आणा. साफ करताना ती संपली तर वर उचललेला आरसा खाली येतो आणि शटरचा पडदा स्वॅबवर मिटतो.