त्यांनी मागितलंय का?

न्यूझीलंडमधल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये १४ लॅपटॉप पडून होते. ऑफिसात नवे आले तेव्हा जुने मी मागून घेतले. त्यासाठी दोन साहेबांच्या सह्या मिळवल्या. नवऱ्याने तीन शनिवार बसून एकेक साफ केला, चार्जर जुळवले, पिशव्यांवर नंबर टाकले. मराठी मंडळातल्या चार घरांनी पाठवणीच्या खर्चाचं कबूल केलं. हे सगळं नेपाळमधल्या डोंगरातल्या एका शाळेसाठी होतं. नेपाळमधल्या शाळांना मदत करणाऱ्या ज्या संस्थेच्या कामाला मी वर्षभर जाते आहे, तिच्या समितीने ते चार मिनिटांत नाकारलं.

संस्था म्हणजे सात माणसं. ऑफिस नाही, पगारी कोणी नाही. बैठक कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होते. अध्यक्ष ७६ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका आहेत, आणि त्यांनाही सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते नाव अजून नीट निघत नाही, म्हणून मी त्यांना काही हाकच मारत नाही. मनातल्या मनात ‘बाई’ म्हणते. खजिनदार सुतार होता. तरुणपणी स्वतःचं तिकीट काढून नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्यात, एव्हरेस्टच्या भागात, शाळांच्या खिडक्या बसवायला गेला होता. बैठक संपली की बाई कप विसळतात आणि तो पुसतो.

तर त्या दिवशी मी लॅपटॉपचं मांडलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांनी मागितलंय का?”

मी म्हटलं, नाही, पण नको कशाला म्हणतील? त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग पुढचे दोन आले. बिघडले तर दुरुस्त कोण करणार? हिवाळ्यात तिथे वीज किती तास असते? एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. “मग आत्ता नको,” म्हणून विषय संपला. त्यानंतर २० मिनिटं काठमांडूला पाठवलेल्या पैशांवर बँकेने कापलेल्या जादा ९ डॉलरची चर्चा चालली. खजिनदाराने ते ९ डॉलर परत मिळवेपर्यंत बँकेला फोन करायचं ठरवलं. मी सगळा वेळ गप्प बसले होते. घरी येताना गाडीत रडले.

का रडले तेही सांगते. डोंगरातली शाळा म्हणजे काय, हे त्या टेबलाभोवती माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार, असं मला वाटत होतं. माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेचे शिक्षक. त्यांची सात वर्षं सातारा जिल्ह्यातल्या कांदाटी खोऱ्यात, कोयनेच्या शिवसागराच्या पल्याड गेली. सोमवारी पहाटे मेढ्याहून निघायचे, लाँचने पाणी ओलांडायचे, पुढे चढण पायी. शनिवारी संध्याकाळी परत. पावसाळ्यात लाँच बंद पडली की दोन-दोन आठवडे त्यांचं तोंड दिसायचं नाही. त्यांच्या पायावरचे जळवांचे डाग मी मोजलेले आहेत. आणि मला इथे, ऑकलंडच्या उबदार स्वयंपाकघरात, कोणीतरी शिकवणार की डोंगरातल्या मुलांना काय लागतं!

दोन आठवडे मी बैठकीला गेले नाही. मग खजिनदाराचा फोन आला. चहाला ये म्हणाला. लॅपटॉपचं नावही काढलं नाही, जुने फोटो काढून बसला.

इथल्या पाच डॉलरच्या नोटेवर तेनसिंगबरोबर एव्हरेस्ट सर करणारे एडमंड हिलरी आहेत. १९९२ साली त्यांचं चित्र आलं तेव्हा ते हयात होते. एव्हरेस्टचं आपण शाळेत पाठ केलंय, पुढचं मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. १९६०च्या मोहिमेत एव्हरेस्टच्या भागातल्या खुमजुंग गावच्या शेर्पांनी त्यांच्याकडे शाळा मागितली. आमच्या मुलांना डोळे असून दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी हिलरींचा हिमालयन ट्रस्ट सुरू झाला आणि १९६१ मध्ये खुमजुंगला, सुमारे ३,८०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर, पहिली शाळा उभी राहिली. इमारत ॲल्युमिनियमची, कलकत्त्याच्या कंपनीने दिलेली. हे ऐकून मी खुर्चीत सरसावून बसले. म्हणजे पहिलं छप्पर आपल्या देशातून गेलं होतं!

मग बाकीच्या गावांचे अर्ज येऊ लागले. पांगबोचे, थामे. हिलरींनी पुढे पंचवीसहून अधिक शाळा बांधल्या, कुंडे आणि फाप्लूला रुग्णालयं बांधली. सामान न्यायला १९६४ मध्ये लुकलाची धावपट्टी केली. तिची माती दाबायला शेर्पांनी हातात हात गुंफून तिच्यावर नाच केला. पण खजिनदार पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर यायचा. आधी गाव मागणार, मग ट्रस्ट जाणार. लाकूड, दगड, अंगमेहनत यांत गावाचाही वाटा.

आणि हे चालवणारी माणसं कोण? रेमुएरातल्या आपल्या राहत्या घरातून हिलरी कारभार बघायचे. त्यांचा नंबर फोनच्या डिरेक्टरीत होता, कोणीही लावावा. काठमांडूची बाजू एलिझाबेथ हॉली या अमेरिकन पत्रकार बाईंनी अनेक वर्षं सांभाळली. प्रत्यक्ष बांधकामाचा सरदार मिंगमा त्सेरिंग. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. किती फळ्या, किती खिळे, कोणाची किती मजुरी, सगळा हिशेब डोक्यात. ज्याला अक्षर येत नाही त्याने इतक्या शाळा उभ्या केल्या. खजिनदाराने त्याचा फोटो माझ्या हातात दिला तेव्हा मी तो बराच वेळ धरून बसले. ३१ मार्च १९७५ ला हिलरींची पत्नी लुईस आणि १६ वर्षांची मुलगी बेलिंडा काठमांडूहून फाप्लूला निघालेल्या विमानाच्या अपघातात गेल्या. त्यानंतरही त्यांनी फाप्लूचं रुग्णालय पुरं केलं. मी एका मुलीची आई आहे. त्यांनी ते कसं केलं असेल, हे मला कळत नाही.

खुमजुंगच्या पहिल्या विद्यार्थ्यांतला आंग रिता शेर्पा पुढे ट्रस्टचं काठमांडूचं काम पाहू लागला. त्याच शाळेचा कामी तेंबा फिजीत जाऊन डॉक्टर झाला आणि परत येऊन त्याने कुंडेचं रुग्णालय सांभाळलं. परत येऊन. हे दोन शब्द मला टोचले. मी परत गेलेले नाही. पण मी दरमहा घरी पैसे पाठवते, भावाच्या मुलांची फी भरते, आणि इथे बसूनही काही करता येतं असं मी मानते. मानावंच लागतं.

खजिनदाराला मग मी आपलंही सांगितलं. गप्प कशी बसणार? हिलरींचा जन्म १९१९ चा. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य आमच्या जिल्ह्यात पोरासोरांना पाठ असतं. साताऱ्याच्या खेड्याला शाळेसाठी समुद्रापलीकडून कोणी यावं लागलं नाही. आणि आमच्या डोंगरातल्या गुरुजींना सरकार पगार देतं, वर्गणीवर ठेवत नाही. तो म्हणाला, मग तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं. खरंच म्हणाला तो, मनापासून. त्याच्यापुढे मला आणखी भांडता येईना.

त्या रात्री अण्णांना फोन लावला. मला वाटलं, ते माझी बाजू घेतील.

अण्णा म्हणाले, “पोरी, तुझे लॅपटॉप डेडस्टॉकला चढले असते.”

ज्यांच्या घरात शिक्षक नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला लागते. फुटली, हरवली तर जाब मुख्याध्यापकाला, आणि बदलीच्या वेळी चार्ज देताना एकेक नग मोजून द्यावा लागतो. अण्णांच्या शाळेत विज्ञानाच्या साहित्याची पेटी आली होती. लाँचमधून, मग डोक्यावरून. पहिल्या वर्षी एक भिंग तडकलं. त्याचा खुलासा लिहून देण्यात दोन महिने गेले. त्यानंतर त्यांनी पेटीला कुलूप लावलं आणि चार्ज देताना तशीच सोपवली. “पोरांना त्यातलं काही दाखवलं नाही. ते अजून खातं मला,” म्हणाले. हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा त्याच घरात होते, जळवांचे डाग मोजत होते, आणि हे मला माहीत नव्हतं.

एक मात्र मला इथलं पटत नाही, आणि तेही लिहिते. या लोकांना कोणाचा सत्कार करणं ठाऊक नाही. १९ वर्षं हिशेब सांभाळणाऱ्या दुसऱ्या एक बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, तर एक केक आणि टाळ्या. अण्णांच्या निवृत्तीला गावाने शाल-श्रीफळ दिलं, पल्याडच्या वाडीतून माणसं पाणी ओलांडून आली. ती शाल अजून आईने घडी घालून ठेवली आहे. माणसाने आयुष्य दिलं तर चारचौघांत सांगावं की दिलं. खजिनदाराचं वय झालं आहे. त्याच्यासाठी मी या खेपेला साताऱ्याहून शाल आणणार आहे, समितीला न विचारता.

फोन ठेवताना अण्णांनी विचारलं होतं, “तिथल्या गुरुजींची राहायची सोय काय?” हा प्रश्न मी पुढच्या बैठकीत तसाच ठेवला. बाईंनी तो वहीत लिहून घेतला. “ही मदत म्हणून नको,” म्हणाल्या. “प्रश्न म्हणून विचारू.” पत्र गेलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. दोन शिक्षक तिसरीच्या वर्गात झोपतात. रोज सकाळी अंथरुणं गुंडाळून कोपऱ्यात ठेवावी लागतात. एक खोली झाली तर बरं. दगड आणि लाकूड गाव देईल. पत्रे, काच आणि मिस्त्रीची मजुरी मिळाली तर बघा.

लॅपटॉपमधले सहा आमच्याच भागातल्या एका वाचनालयाने मागून नेले, बाकीचे गॅरेजमध्ये आहेत. खजिनदार खिडकीचं चित्र काढतो आहे. अण्णांनी पल्याडच्या आपल्या खोलीचं माप कागदावर काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं आहे: दहा बाय बारा, खिडकी दक्षिणेला, चूल दारापासून लांब, आणि भिंतीत एक फडताळ, पुस्तकं जमिनीवर ठेवली की ओल लागते म्हणून.