देवापुढची साखर

मी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त गोळा करतो. आम्ही स्वतःला ‘फ्लेबो’ म्हणतो, फ्लेबोटॉमिस्टचं लघुरूप, वॉचमन म्हणतात ‘रक्तवाला आलाय’. कोथरूड, कर्वेनगर, वारजे हा माझा पट्टा. सकाळी सहा ते साडेनऊ, दहा-अकरा घरं. फास्टिंग शुगर म्हटली की सगळ्यांना चहाच्या आधीचीच वेळ हवी असते.

लोकांना वाटतं, यात काय, सुई टोचायची न् निघायचं. शुगरचं रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतात, कारण तिच्यात फ्लोराइड असतं. ते नसेल तर रक्तातल्या पेशी नळीत बसूनही साखर खात राहतात, तासाला 5 ते 7 टक्के. मी स्कूटरवर दोन तास फिरलो तर 130 चे 115 व्हायचे आणि पेशंट पेढे वाटायचा. एचबीए1सीची, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या टेस्टची, नळी जांभळ्या झाकणाची. आधी जांभळी भरायची, मग करडी. भरल्यावर आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करायची. नवीन पोरं सरबत ढवळल्यासारखी हलवतात, रक्त फुटतं, आणि परत टोचायला मला पाठवतात.

तर कर्वेनगरमधलं घर. लिफ्ट नसलेली सोसायटी, दुसरा मजला, सकाळचे 6:50. फास्टिंग आणि एचबीए1सी. काकूंनी दार उघडलं. ‘ये रे, हे जरा सुस्त आहेत. झोप झालेली दिसत नाही.’

काका खुर्चीत बसले होते. पट्टा बांधायला बाही वर सारली तर बाही ओली. नोव्हेंबरातली सकाळ, माझ्या अंगात स्वेटर, आणि यांचा सदरा पिळून काढण्यासारखा. आम्हाला आधी पेशंटलाच नाव विचारायचं असतं, ते विचारलं. काका माझ्याकडे बघत म्हणाले, ‘पासबुक आणलंय का?’

काकू हसल्या. ‘बँकेत होते ना.’

मला हसू आलं नाही. माझ्या बॅगेत माझा स्वतःचा ग्लुकोमीटर असतो. लॅब देत नाही, पट्ट्याही माझ्याच खर्चाच्या. बोटाला टोचलं. 46. सत्तरच्या खाली गेली की शुगर कमी, चोपन्नच्या खाली म्हणजे थांबायला वेळच नाही.

‘काकू, साखर आणा. तीन-चार चमचे, पाण्यात ढवळून.’

‘साखर नाहीये घरात.’

‘गूळ? मध? बिस्किट?’

‘काहीच नाही रे. जूनपासून सगळं बंद केलंय आम्ही.’ हे सांगताना, खोटं कशाला बोलू, त्यांच्या आवाजात क्षणभर अभिमान होता. ओट्यावर बदामाच्या पिठाचा डबा, फ्रिजवर चुंबकाने लावलेला तक्ता. बंगळूरच्या मुलाने पाठवलेला: भात नाही, पोळी नाही, भाकरी नाही, फळ नाही.

मी शेजारी धावणार तेवढ्यात काकूच म्हणाल्या, ‘देवापुढे आहे. खडीसाखर. पण आजचा नैवेद्य अजून...’ आणि वाक्य अर्धवट टाकून त्या आत पळाल्या. चांदीची एवढीशी वाटी, तिच्यात खडे, कडेला दोन मुंग्या. आल्याच्या खलबत्त्यात मी ते कुटले, कोमट पाण्यात विरघळवले. काकांना गिळता येतंय ना, हे आधी घोटभर पाण्याने पाहिलं. शुद्ध गेलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, तिथे 108 च लावायचा.

पंधरा मिनिटांनी 71. आणखी पंधरा मिनिटांनी 98. काकांनी चष्मा शोधला, लावला आणि मला विचारलं, ‘तू कधी आलास?’

मग मी शुगरच्या गोळ्यांची पाकिटं पाहिली. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र, सकाळ-संध्याकाळ. हा डोस काका दुपारी तीन पोळ्या आणि वरणभात खायचे तेव्हाचा. मेटफॉर्मिन एकटं असतं तर सहसा शुगर अशी तळाला जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, तुम्ही ताटात काय वाढून घेतलंय ते बघत नाही. आदल्या रात्रीचं जेवण पनीर आणि काकडी, वर गोळी. पथ्याने शुगर उतरते, मी रोज रिपोर्ट बघतो, उतरतेच. म्हणून तर पथ्य सुरू करताना डॉक्टरांकडून गोळ्या कमी करून घ्यायच्या असतात. डॉक्टरांना शेवटचं दाखवलं होतं मे महिन्यात.

हे सगळं बोलायचा मला अधिकार नाही. तरी म्हणालो, ‘आत्ता यांना नीट जेवायला द्या, एकटं सोडू नका, ही पुन्हा उतरू शकते. आणि पुढची गोळी डॉक्टरांना फोन केल्याशिवाय नको.’ पावतीच्या मागे तिन्ही आकडे वेळेसकट लिहून दिले. काकू म्हणाल्या, ‘बरं. पण आलाच आहेस तर फास्टिंग घे ना.’ आता कसलं फास्टिंग? फक्त जांभळी नळी भरली.

खाली आल्यावर ॲप उघडलं. टेस्ट रद्द करायला कारण निवडावं लागतं: पेशंट घरी नाही, पेशंटने नकार दिला, शीर सापडली नाही, पेशंट उपाशी नव्हता. शुगर 46 होती असा पर्याय नाही, लिहायला रिकामी जागाही नाही. मी ‘उपाशी नव्हता’ निवडलं. तोवर ऑफिसातून दोन फोन येऊन गेले होते, पुढचे पेशंट चहावाचून खोळंबले म्हणून.

एचबीए1सी आलं 6.1, हिरव्या खुणेसह. काकूंनी आवर्जून फोन केला, मुलाने फॅमिली ग्रुपवर टाकलं म्हणून. तो आकडा म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी, साधारण 128 ची. पहाटेचे 46 सुद्धा त्या सरासरीतच बसतात, आकडा आणखी गोंडस करतात. ‘डॉक्टरांना फोन केलात का?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘आता रिपोर्ट घेऊनच जाऊ.’

मला छळतंय ते वेगळंच. पट्टा दंडाला होता, सुई हातात होती. साखर शोधायला काकू आत गेल्या तेवढ्यात करडी नळी भरून झाली असती, चाळीस सेकंदांचं काम. मग तो आकडा लॅबच्या मशीनवर आला असता, लाल झाला असता, पॅथॉलॉजिस्टना डॉक्टरांना फोन करावाच लागला असता. बोटाच्या थेंबाची नोंद कुठेच नाही. पण मी तेव्हा खलबत्ता शोधत होतो. माझा सिनियर म्हणतो, तू बरोबर केलंस. तोच सिनियर त्या दिवशी उशिराबद्दल ओरडला होता.

गेल्या आठवड्यात तोच पत्ता पुन्हा ॲपवर आला. फास्टिंग आणि पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, सकाळी 7 ची वेळ. शेरा: ‘मागील वेळी पेशंट उपाशी नव्हता. या वेळी उपाशी असल्याची खात्री करणे.’