शेणोली ते वाळवा : क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मुलखात

नाना पाटील म्हटलं की आपल्याला पत्री सरकार, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात गावोगावी चालवलेलं प्रतिसरकार, आठवतं आणि गोष्ट १९४७ ला संपते. पण हा माणूस त्यानंतर जवळपास तीस वर्षं जगला आणि त्यातली बरीचशी वर्षं लाल बावट्याखाली, कम्युनिस्ट म्हणून जगला, दोनदा खासदार झाला, ते कुणी सांगतच नाही. मला दोन्ही नाना बघायचे होते म्हणून मित्राची बाईक घेतली आणि आम्ही दोघं कराडहून तासगावच्या रस्त्याला लागलो. कारखान्यांचे सीझन सुरू होते, त्यामुळे रस्त्यात पुढं मागं उसाच्या ट्रॉल्या, ओव्हरटेक करायची सोय नाही, पण एका अर्थी बरंच झालं, सावकाश बघत जाता आलं.

पहिला थांबा शेणोली. ७ जून १९४३ ला इथं तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या पोरांनी इंग्रज सरकारचे पगाराचे पैसे घेऊन जाणारी रेल्वे अडवली. पुढाकार कुंडलच्या जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड यांचा. कॅप्टन भाऊ अगदी म्हातारपणीसुद्धा 'लूट' म्हटलं की चिडायचे, लोकांचेच पैसे आम्ही लोकांसाठी परत आणले असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. रुळाच्या कडेला उभं राहिलं की आजूबाजूला नुसतं सपाट शिवार दिसतं, लपायला डोंगर नाही, जंगल नाही. आपल्याला गनिमी कावा म्हटलं की सह्याद्रीचे कडे आठवतात, इथं तर आडोसा होता तो ज्वारीचा, उसाचा आणि गावातल्या माणसांचा. भाकरी बांधून देणारी बाई गप्प राहिली म्हणून हे सगळं टिकलं.

तिथून येडेमच्छिंद्र. नानांचा जन्म १९०० सालचा, बहे-बोरगावचा, पण गाव म्हणून ओळख येडेमच्छिंद्रची. वर मच्छिंद्रगडाचा छोटा डोंगर, खाली गाव. अंगानं धिप्पाड, कुस्तीचा नाद, आणि नोकरी काय तर तलाठ्याची! म्हणजे सारा कसा वसूल होतो, सावकार जमीन कशी गिळतो, हे सगळं त्यांनी दप्तरात बघितलेलं. १९३० ला कायदेभंगात ती नोकरी सोडली. मला वाटतं नानांचं पुढचं सगळं राजकारण त्या तलाठ्याच्या दप्तरातूनच निघालं. सत्यशोधकांचे संस्कार होतेच, कमी खर्चाची लग्नं लावायची, भटजी आणि कर्ज दोन्ही टाळायचं, ही त्यांची पद्धत भूमिगत व्हायच्या आधीपासूनची.

गावात एका आजोबांशी गप्पा झाल्या. नानांचं भाषण त्यांनी लहानपणी ऐकलेलं. आजोबा म्हणाले, "नाना बोलाय लागलं की बायाबी हसायच्या आन् म्हातारीबी रडायच्या, समदं आपल्या घरातलंच सांगायचं." फोटो काढू का विचारलं तर टोपी नीट केली त्यांनी. मला फार भारी वाटलं.

१९४२ च्या ऑगस्टनंतर नाना जे भूमिगत झाले ते थेट १९४६ ला उघड्यावर आले. डोक्यावर बक्षीस, घरदार जप्त. आई वारली तेव्हा पोलिसांची नजर चुकवून आले आणि अंत्यसंस्कार करून परत गायब झाले, ही गोष्ट इथं आजही घराघरात सांगतात. त्यांची लेक हौसाताई पण त्याच मातीची. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा बायकोला मारतोय असं नाटक रचलं, हौसाताईंनी खरोखरचा मार खाल्ला, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले तोवर साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. भवानीनगर वाटेतच लागतं, तिथं आम्ही चहाला थांबलो आणि मी मित्राला ही गोष्ट सांगितली, तर टपरीवाल्या काकूंनी मध्येच थांबवून पुढचं स्वतः सांगितलं, हौसाताई गोव्यातनं जंगल तुडवत, रात्री नदी पार करून कशा परत आल्या ते. २०२१ ला गेल्या हौसाताई.

कुंडल म्हणजे प्रतिसरकारची राजधानीच. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा अधिक सांगलीचा बराच भाग, त्यातल्या दीडशेच्या वर गावांत यांचं राज्य चालायचं. नुसती मारामारी नव्हती हो ती. गावाचं न्यायदान मंडळ, जमिनीचे तंटे, दारूबंदी, सावकाराला चाप, कमी खर्चाची लग्नं. खबऱ्याला किंवा गुंडाला तळपायावर फटके. फटक्यांची गोष्ट रंगवून सांगतात आणि न्यायमंडळ विसरतात याचं मला वाईट वाटतं, कारण कोर्टात पाय झिजवणाऱ्या गरिबाला पारावर निकाल मिळाला ही खरी क्रांती होती. आणि पैसा? एप्रिल १९४४ मध्ये तर धुळ्याजवळ चिमठाण्याला सरकारी खजिना अडवला, साडेपाच लाख रुपये. इथून धुळे किती लांब आहे ते बघा एकदा मॅपवर.

आता दुसरे नाना. स्वातंत्र्यानंतर आधी शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष. १९५५ ला डहाणूला अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशन झालं त्याचे अध्यक्ष नाना. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर, आणि १९६७ ला थेट बीडमधून. स्वतःचा जिल्हा सोडून मराठवाड्यात, तेही लाल झेंड्यावर!

हे बीडचं प्रकरण डोक्यात होतंच आणि वाळव्याच्या अलीकडं रस्त्याकडेला ऊसतोडीची टोळी दिसली. कोप्या म्हणजे पाचटाच्या झोपड्या, चुली, बैल, बारकी पोरं. विचारलं कुठले, तर बीड जिल्हा. त्यातल्या एका वयस्कर बाबांना मी नाना पाटलांचं नाव सांगितलं. बाबा कोयता बाजूला ठेवून म्हणाले, "आमचा बाप सांगायचा, सातारकडचा मोठा पुढारी आलता, कणीस-विळ्यावर." बाकी काही त्यांना आठवत नव्हतं. पण ज्या माणसाला त्यांच्या बापानं मत दिलं त्याच माणसाच्या मुलखात हे आज दरवर्षी ऊस तोडायला येतात, सहा-सहा महिने कोपीत राहतात, आणि आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी परत. नाना असते तर कारखान्याच्या स्टेजवर बसले नसते, या कोपीत येऊन बसले असते, असं मला अगदी मनापासून वाटतं.

वाळव्यात पोचेपर्यंत ऊन कललं होतं. हे प्रतिसरकारातलेच लढवय्ये नागनाथअण्णा नायकवडींचं गाव, इथल्या साखर कारखान्यालाही हुतात्मा किसन अहिर यांचं नाव. ६ डिसेंबर १९७६ ला नाना मिरजेत गेले, पण अंत्यसंस्कार इथं वाळव्यात झाले, त्यांचीच इच्छा होती तशी.

दिवसभर फिरताना कमानींवर, फलकांवर क्रांतिसिंह दिसले, फेटा मिशा सगळं दिसलं, पण कॉम्रेड नाना पाटील हे मला कुठंच वाचायला मिळालं नाही. ते लिहायला हवं. बीडच्या त्या निवडणुकीबद्दल कुणाच्या घरात आजोबा-आजी काही सांगत असतील, एखादा जुना फोटो, पत्रक असेल, तर प्लीज कळवा, पुढची चक्कर मी केज-माजलगावकडं काढणार आहे.