ब्रिज चार मिलिमीटर पुढे

नारायण पेठेतल्या माझ्या कार्यशाळेत दुरुस्तीला येणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारींपैकी बऱ्याचशा आता कुरियरच्या खोक्यातून थेट घरी पोहोचलेल्या असतात. त्यांच्या तक्रारी बहुधा ठरावीक असतात आणि दुपारभराच्या कामात त्या मिटतात. मे महिन्यात कोथरूडहून आलेल्या बापलेकांनी आणलेल्या गिटारीकडेही मी आधी त्याच नजरेने पाहिले. किंमत ४० हजारांच्या आसपास होती, म्हणजे नवशिक्याची स्वस्त गिटार नव्हे आणि हौशी माणसाने कपाटात जपून ठेवावी अशीही नव्हे.

"काका, सूर नीट लावला तरी वरच्या फ्रेटवर बेसूर वाटते," मुलगा म्हणाला. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या; तार त्यांच्यापाशी दाबून वेगवेगळे स्वर काढतात. वडिलांनी पुस्ती जोडली, "याचाच हात बसलेला नाही, असं मला वाटत होतं. पण याच्या सरांनी वाजवून पाहिली, तर त्यांचंही तेच म्हणणं पडलं."

खोक्यात कारखान्याचे तपासणीपत्रही होते. नेक (गिटारची मान), फ्रेट, इंटोनेशन (दाबलेला स्वर सुरात लागणे), विद्युतजोडणी अशा सगळ्या रकान्यांत एकाच ओघात ओढलेल्या बरोबरच्या खुणा होत्या आणि खाली न वाचता येणारी सही होती. ते पत्र मी टेबलावर समोरच ठेवले आणि एकेक रकाना स्वतः तपासत गेलो.

नेकच्या कडेवरून हात फिरवताच फ्रेटची टोके बोटांना खरचटू लागली. हा दोष मी कारखान्याच्या माथी पूर्णपणे मारत नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्डचे लाकूड रुंदीत आकसते, धातूचा फ्रेट आकसत नाही, त्यामुळे त्याची टोके बाहेर डोकावतात. लाकूड अधिक वाळवून घेतले असते तर हे कमी झाले असते, इतकेच. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचाही उथळ होत्या. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटच्या वर जेमतेम कागद जाईल एवढीच फट उरायला हवी; इथे ती त्याहून कितीतरी मोठी होती, म्हणून पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे स्वर चढे लागत होते. ॲम्पला जोडल्यावर विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू आली आणि तारांना हात लावूनही ती कमी होईना. मागचे झाकण काढले, तेव्हा ब्रिजकडून (तारांचे दुसरे टोक जिथे टेकते त्या भागाकडून) आलेली अर्थिंगची तार पॉटच्या, म्हणजे फिरत्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर कच्च्या सोल्डरने नुसती टेकवलेली दिसली. चिमट्याने हलवताच ती सुटून आली.

इथपर्यंत सारे दुरुस्त होण्याजोगे होते. कानस, सोल्डर आणि थोडा धीर एवढ्यावर भागणारे हे काम आहे. या किमतीच्या गिटारींचे लाकूडकाम आता यंत्रावर बऱ्यापैकी अचूक होते. वाचवला जातो तो कुशल माणसाचा शेवटचा तासभर, आणि गिटार टपालाने घेतली की त्या तासाचा खर्च ग्राहकावर येऊन पडतो.

इंटोनेशन मात्र वेगळेच निघाले. नव्या तारा चढवल्या, नेकमधली ट्रस रॉड ही सळई फिरवून नेकचा बाक पाव मिलिमीटरवर आणला, तारांची उंची बसवली आणि मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) व तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहिला. सहाव्या तारेवर दाबलेला स्वर दहा सेंटहून अधिक चढा होता (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). अशा वेळी सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तार टेकणारा छोटा ठोकळा, मागे सरकवायचे असते, पण सहाही सॅडल मागे सरकून स्क्रूच्या टोकाला टेकली तरी काटा मध्यावर येईना. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असल्यामुळे कानाला पटेल तिथे सरकवता येतो; गिटारचा फ्रेट लाकडात ठोकलेला, तेव्हा सारी भिस्त सॅडलवर असते.

मी पोलादी पट्टी काढली. गिटारची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची ठरलेली लांबी, ६४८ मिलिमीटर होती. नटपासून बारावा फ्रेट बरोबर ३२४ मिलिमीटरवर होता आणि नेकही आपल्या खाचेत नीट बसलेला होता. बाराव्या फ्रेटपासून मागे ओढलेल्या सॅडलपर्यंतचे अंतर मात्र ३२३ भरले. तार दाबताना ताणली जाते आणि तिचा स्वर किंचित चढतो, म्हणून सॅडल ३२४ च्या थोडे मागेच लागते आणि जाड सहाव्या तारेसाठी आणखी तीन-चार मिलिमीटर सोडावे लागतात. म्हणजे ब्रिजची भोकेच साधारण चार मिलिमीटर पुढे पाडली गेली होती. ती बुजवून नवी पाडता आली असती. पण नव्याकोऱ्या गिटारीवर ते करणे मला पटेना, शिवाय माझा ड्रिल लागला की परतीचा हक्क संपला असता.

"मी आता कशालाच हात लावत नाही, तुम्ही ही परत पाठवा," असे मी सांगितले, तेव्हा वडिलांचा चेहरा जरा उतरला. पट्टी लावलेल्या अवस्थेतले फोटो, ट्यूनरचे फोटो, सुटलेल्या सोल्डरचा फोटो आणि मापांचे एक पानभर टिपण मी त्यांना करून दिले. विक्रेत्याने आधी स्थानिक सेटअपचा (जुळवणीचा) खर्च देऊ केला. सेटअपने ब्रिजची जागा बदलत नाही, असे मुलाने मापांसकट उलट कळवल्यावर बदली गिटार मंजूर झाली.

ती पावसाळ्यात आली. आधी पट्टीच लावली: ब्रिज जागेवर होता आणि सॅडलना पुढेमागे सरकायला जागा होती. सोल्डरही पक्के होते. नट तसाच उंच होता आणि चौदावा फ्रेट थोडा वर आलेला असल्याने तेराव्यावरचा स्वर झणझणत होता. दोन्ही कामे मी करून दिली.

"हे काम कारखान्याने करायला हवं होतं ना? मग त्याचे पैसे आम्ही का द्यायचे?" वडिलांनी विचारले. प्रश्न रास्त होता. बिल मात्र मी नेहमीच्याच दराने लावले.