नवं नवं शहर

कुठल्याही शहराच्या नावाची गोष्ट विचारा, एखादा राजा, राणी नाहीतर चमत्कार त्यात असतोच. पण मुळापर्यंत गेलं की बऱ्याचदा हाती लागतं अगदी साधं वर्णन, नदी, किल्ला, टेकडी, नवीन वस्ती. मला तर हे साधेपणच जास्त भारी वाटतं.

कार्थेजचंच घ्या. फिनिशियन लोकांनी आजच्या ट्युनिशियात वस्ती केली आणि तिला कर्त हदश्त म्हणायला लागले, म्हणजे नवं शहर, बस एवढंच. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात याच कार्थेजवाल्यांनी स्पेनच्या किनाऱ्यावर अजून एक शहर वसवलं आणि नाव ठेवलं परत तेच, मग रोमन लोकांनी ते जिंकल्यावर दोन्हींत गोंधळ नको म्हणून त्याला कार्थागो नोव्हा म्हटलं, आणि नोव्हा म्हणजेसुद्धा नवीन, त्यामुळे अर्थ लावायला गेलं तर झालं नवं नवं शहर! तेच आजचं कार्ताहेना. १५३३ मध्ये स्पॅनिश लोकांनी तेच नाव समुद्रापार कोलंबियात नेलं, तोवर त्यातलं 'नवं' कुणाला ऐकूही येत नव्हतं. इटलीतलं नेपल्स आणि पॅलेस्टाइनमधलं नाब्लुस ही दोन्ही नावंही ग्रीक नेआपोलिसवरून आलीत, अर्थ तोच, आणि रशियातलं नॉव्हगोरोदही नवं शहरच, वय मात्र हजार वर्षांच्या वर.

म्हणजे नाव वापरणाऱ्याला त्याचा अर्थ कळायलाच हवा असं काही नाही. इंग्लंडमध्ये एव्हन नावाच्या कितीतरी नद्या आहेत आणि एव्हन म्हणजे जुन्या ब्रिटॉनिक भाषेत, म्हणजे इंग्रजी येण्याआधीच्या तिथल्या भाषेत, नुसतं 'नदी'. म्हणजे 'रिव्हर एव्हन' म्हणणारा नकळत 'नदी नदी' म्हणतो.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र इंग्लंडमधलंच यॉर्क शहर. रोमन काळात ते एबोराकम होतं, आणि बहुतेक अभ्यासक या नावाचा संबंध यू नावाच्या झाडाशी जोडतात. नंतर अँग्लो-सॅक्सन, म्हणजे आजच्या इंग्रजांचे पूर्वज, आले, त्यांना त्या एबोरमध्ये आपला एओफोर म्हणजे रानडुक्कर ऐकू आला, मग ते झालं एओफोरविक. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी शहर घेतलं, त्यांच्या तोंडी योर्विक झालं आणि तेच झिजत झिजत यॉर्क. लोकांनी आपल्या मनाने लावलेल्या अर्थाला आपण चुकीची व्युत्पत्ती म्हणून बाजूला टाकतो, पण इथे त्या 'चुकीच्या' अर्थानेच नाव घडवलंय, तो बाजूला काढला तर मधला दुवाच तुटतो. बरं, १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांकडून न्यू अ‍ॅमस्टरडॅम घेतलं आणि ड्यूक ऑफ यॉर्कच्या नावावरून त्याचं न्यूयॉर्क केलं, म्हणजे झाड, डुक्कर, ड्यूक असं सगळं त्या एका नावात आहे.

म्हणून नुसत्या आजच्या उच्चारावरून अर्थ लावणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. आधी जुन्यात जुन्या लेखात ते नाव कसं लिहिलंय ते बघायचं, मग ते कुणाकुणाच्या तोंडातून गेलं ते बघायचं. यॉर्क या शब्दाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी त्यातून एबोराकम निघणार नाही.