तिसावे वचन

स्मरणिकेसाठी लिहा, असे शाळेचे पत्र आले आणि डोळ्यांपुढे नववीच्या वर्गातले सर उभे राहिले. बाकीच्या आठवणी इतर लिहितीलच.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगणाऱ्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची ओळख करून देताना सर मूळ बायबलच वर्गात घेऊन आले. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे सृष्टीचे पहिले तीन दिवस, उजवीकडे पुढचे तीन. प्रकाशासमोर सूर्य-चंद्र, पाणी-आकाशासमोर मासे आणि पाखरे, कोरडी जमीन व झाडपाला यांच्यासमोर जनावरे आणि माणूस. चारा तिसऱ्या दिवशी उगवला, गुरे आली सहाव्या दिवशी. “आधी गवत भरले, मग गाय आणली,” सर म्हणाले.

चाचणीत बहुतेकांनी ‘देवाने प्राण्यांना फळे दिली’ असे लिहिले. सरांनी प्रत्येकाचा अर्धा गुण कापला. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे ‘उत्पत्ती’त, पहिल्या अध्यायात बी धरणारी वनस्पती आणि फळे माणसाला आहेत, वचन २९. पशू, पक्षी, सरपटणारे जीव यांना हिरवा पाला, वचन ३०. मासे त्या यादीत नाहीतच. लोक अठ्ठाविसाव्या वचनातली माणसाची प्राण्यांवरची सत्ता लक्षात ठेवतात आणि तिसावे वाचतच नाहीत, ही सरांची खंत होती.

“मग वाघ काय खातो?” कुणीतरी विचारले. सरांनी स्तोत्र १०४ उघडले. तिथे सिंहाचे छावे देवाकडे भक्ष्य मागतात. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, अकराव्या अध्यायात, सिंह बैलासारखा कडबा खातो. त्यांनी दोन्ही वाचून दाखवले, ओढूनताणून मेळ घातला नाही. चिमणी दाणे टिपते, तेव्हा या वचनाला प्राणिशास्त्राचे कोष्टक करू नका, एवढेच बजावले.

वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतलेल्या भाताची, मळणी चालू होती, तेव्हा ते वर्गाला शाळेमागच्या खळ्यावर घेऊन गेले. बैलाच्या वरच्या जबड्याला पुढे दात नसतात. तो जिभेचा विळखा घालून गवत ओढतो, खालच्या दातांनी वरच्या कडक हिरडीवर दाबून तोडतो. पोटाच्या मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव ते आंबवतात. आपल्याला तो पाला पचतच नाही. हिरव्या गवतात बहुतांश पाणीच, म्हणून त्याला दिवसभर चरावे लागते.

त्या बैलांना मुसकी होती. मळणीच्या बैलाला मुसके घालू नये, ही बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आज्ञा (२५:४) सरांनी मालकाला सांगितली. “भात खाऊन पोट फुगेल,” मालक म्हणाला. त्याची भीती खरी होती. एकदम जास्त दाणा गेला की पोटात आम्ल वाढते. सरांनी आधी दोन्ही बैलांना पोटभर पेंढा घालायला लावला, मग मुसकी सोडली. बैलांनी दोन-चार घास घेतले आणि फिरत राहिले.

आता खळ्याच्या जागी गाड्या लागतात. कितीतरी शेते पडीक, आणि गुरे रात्री रस्त्यावर, कचऱ्यातल्या पिशव्या चघळत. प्लास्टिक त्याच मोठ्या कप्प्यात साचून राहते. आपल्या वर्गातली एक मुलगी पशुवैद्य झाली आहे. डाव्या कुशीत छेद देऊन ती ते बाहेर काढते. सरांना तिचा फार अभिमान वाटला असता.

सरांचे ते बायबल शाळेच्या ग्रंथालयात असेल, तर महोत्सवाच्या प्रदर्शनात जरूर ठेवा. तिसाव्या वचनाखाली त्यांच्या पेन्सिलीची रेघ आहे.