दोन भाषांतली एकच बाई

शिकागोतल्या आमच्या जाहिरात एजन्सीत त्या मंगळवारी सकाळी मी दोन स्टोरीबोर्ड, म्हणजे जाहिरातीची गोष्ट चौकटी-चौकटींनी दाखवणारे चित्रांचे कागद, टेबलावर एकाखाली एक मांडले. वरचा इंग्रजी, खालचा स्पॅनिश. माल एकच, डब्यातला शिजवलेला घेवडा. लांबी एकच, ३० सेकंद. दुपारी दोनला क्लायंट येणार होता आणि मला फक्त दोन्हींचा शेवट जुळतोय का ते बघायचं होतं.

इंग्रजीत चौतिशीची बाई. संध्याकाळचे साडेसात, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. चपला दारातच सोडते, डबा उघडते, भातावर घेवडा ओतते आणि खिडकीशी पाय पसरून जेवते. स्पॅनिशमध्ये आजी. अंगावर शाल, चुलीवर मातीचं भांडं, टेबलाभोवती अकरा माणसं, वर रंगीत कागदाच्या झालरी, कोपऱ्यात मोठ्या टोपीचा गिटारवाला. चौथ्या चौकटीच्या समासात पेन्सिलीने शेरा होता : ‘वाफ वाढवा, मिरच्या वाढवा’.

वेगवेगळे पाहिले तेव्हा दोन्ही मला आवडले होते. एकाखाली एक ठेवल्यावर मात्र काळजात चर्र झालं. इंग्रजी बोलणाऱ्या बाईला नोकरी होती, थकवा होता, स्वतःची अशी एक संध्याकाळ होती. स्पॅनिश बोलणारीला फक्त कुटुंब होतं.

स्पॅनिश मजकूर तपासणाऱ्या सहकारिणीला मी बोलावलं. ती प्वेर्तोरिकन, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटाच्या मुळाची; रंगाने काळी, शिकागोतल्या हम्बोल्ट पार्क या प्वेर्तोरिकन वस्तीत वाढलेली. तिने आधी ‘फ्रिहोलेस’ या शब्दाभोवती गोल काढला. “हा मेक्सिकोचा शब्द. आमच्या घरी घेवड्याला आबिचुएलास म्हणतात. मिरच्या तर आम्ही एवढ्या खातच नाही.” मग आजीवर बोट ठेवून म्हणाली, “माझी आजी प्वेर्तो रिकोतल्या पोन्से गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिथल्या उकाड्यात शाल कशाला घेईल ती?”

मला माझी आई आठवली. ती सांगलीला ट्रेझरीत नोकरीला होती. हिंदी मालिकेत मराठी बोलणारी बाई दिसली की ती हटकून भांडी घासणारी असायची. भांडी घासण्यात कमीपणा आहे असं आई कधीच म्हणाली नाही. “आपल्यातली दुसरी कुणी यांना भेटतच नाही का गं?” एवढंच विचारायची. तोच प्रश्न माझ्या टेबलावर पडला होता, आणि या वेळी साचा पाडणाऱ्यांत मी होते.

२०२०च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, म्हणजे स्पॅनिश भाषक किंवा लॅटिन अमेरिकन मुळाचे, म्हणवलं. त्यातले निम्म्याहून जास्त मूळचे मेक्सिकोचे. पण याच रकान्यात क्यूबाचे येतात, साल्वादोरचे, डोमिनिकनही येतात, आणि १९१७पासून अमेरिकेचे नागरिक असलेले प्वेर्तोरिकनही. रंगाने गोरे, काळे, सावळे, सगळे. कित्येक जण घरातही इंग्रजीच बोलतात. या सगळ्यांसाठी आम्ही एक टोपी आणि एक आजी काढून ठेवली होती.

जुना साचा उघड उघड ओंगळ होता. १९६७मध्ये फ्रिटो-लेने मक्याच्या चिप्ससाठी ‘फ्रिटो बँडिटो’ आणला : मोठी टोपी, मिशा, पिस्तूल, लोकांच्या चिप्स पळवणारा मेक्सिकन चोर. मेक्सिकन-अमेरिकन संघटनांनी जोर लावला तेव्हा कुठे तो १९७१मध्ये गेला. आजी चोर नाही. ती प्रेमळ आहे, म्हणून तिच्याविरुद्ध कुणी मोर्चा काढत नाही. कॅलिफोर्नियाच्या दूध मंडळाची ‘गॉट मिल्क?’ ही १९९३ची गाजलेली ओळ स्पॅनिशमध्ये शब्दशः घेतली असती, तर ‘अंगावर दूध येतं का?’ असा अर्थ निघाला असता. म्हणून स्पॅनिश भाषकांसाठी वेगळी जाहिरात झाली, आई आणि आजीच्या हातच्या दुधाच्या पदार्थांची. ती विचारपूर्वक केलेली होती. पण आमच्या धंद्यात एखादी गोष्ट चालली की तिचा छापा होतो, आणि मग बाईला स्वयंपाकघरातून बाहेर पडायला दारच उरत नाही.

साडेअकराला आम्ही दोघी गाडीने निघालो. लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीत २६व्या रस्त्यावर दुकानांच्या फळ्यांवर ‘फ्रिहोलेस’. तिथून हम्बोल्ट पार्कातल्या डिव्हिजन स्ट्रीटवर, १९९५मध्ये उभारलेल्या पोलादी प्वेर्तोरिकन झेंड्यांच्या खालून गेलो, तर एका छोट्या दुकानात ‘आबिचुएलास’. दोन्हीकडे फोटो काढले. दुकानातल्या काउंटरवरची मुलगी कानातल्या फोनवर इंग्रजीत परीक्षेचं काहीतरी बोलत होती आणि आमच्याशी स्पॅनिशमध्ये हिशेब करत होती. मी सहकारिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, “ही घे तुझी बाई.”

दोनच्या बैठकीत मी दोन्ही स्टोरीबोर्ड तसेच एकाखाली एक ठेवले आणि विचारलं, “खालच्या बाईला नोकरी का नाही?” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग क्लायंटचा माणूस म्हणाला, “आमचा रिसर्च सांगतो, या लोकांना कुटुंब महत्त्वाचं.” मी म्हटलं, “माझ्याही लोकांना आहे. तरी आम्ही ऑफिसला जातो.” सहकारिणीने आजीच्या शाळेची गोष्ट सांगितली. तिचा आवाज थोडा कापत होता, पण तिने ती पूर्ण सांगितली.

तासभर खेचाखेच झाली. शब्दाचं लगेच पटलं : हम्बोल्ट पार्कातल्या होर्डिंगवर ‘आबिचुएलास’ येणार. टोपीवाला आणि मिरच्या गेल्या. आजी राहिली, पण शालीशिवाय, जेवता जेवता नातीशी वाद घालणारी. आणि लॅपटॉपवाली बाई आता दोन्ही भाषांत तीच असेल, ऑफिसशी इंग्रजीत आणि आईशी स्पॅनिशमध्ये बोलणारी. मी मागितलं होतं त्याच्या निम्मंच मिळालं.

संध्याकाळी कास्टिंगचा, म्हणजे कलाकार निवडीचा, कागद आला. बाईच्या वर्णनात लिहिलं होतं, ‘दिसायला लॅटिना हवी, गव्हाळ, काळे सरळ केस’. माझी सहकारीण त्या वर्णनात कुठेच बसत नव्हती. तिला ते दाखवावं की नाही, या विचारात मी जरा वेळ थांबले. शेवटी दाखवलं. तिने वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ‘दिसायला’पासून ‘केस’पर्यंत एक सरळ रेघ मारली. मी खाली दोघींची नावं घालून कागद परत पाठवला. रात्री नऊपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.